आधी प्रश्न, मग रीत: असा गणिताचा तास नेमका कुठे फसतो?

तुम्ही शिक्षक विचारता तो प्रश्न थोडक्यात असा: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना रीत आधी न सांगता प्रश्न सोडवायला दिला, की दोन-तीन मुलं पाच मिनिटांत उत्तर सांगून मोकळी होतात, बाकीची त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. तास संपतो तेव्हा फळ्यावर उत्तर असतं, पण जे शिकवायचं होतं ते राहून गेलेलं असतं. यात बिघडतं कुठे? आणि अभ्यासक्रम सांभाळून हे जमवायचं कसं?

बिघाड बहुतेक वेळा तासाच्या आधीच झालेला असतो. प्रश्न मजेदार वाटला म्हणून घेतलेला असतो. पण मुलं तो कोणकोणत्या रीतींनी सोडवतील, त्यातल्या चुकीच्या रीती कोणत्या आणि त्या रीतींनी उत्तर काय येईल, हे कागदावर मांडलेलं नसतं. ही मांडणी अर्ध्या तासाचं काम आहे आणि तासाचं यश जवळजवळ तिच्यावरच ठरतं. एक उदाहरण घेऊन दाखवतो.

गुणोत्तरांची तुलना शिकवायची आहे. प्रश्न: ‘अ’ डब्यात ३ मापं निळा आणि ५ मापं पांढरा रंग मिसळला. ‘ब’ डब्यात ५ मापं निळा आणि ८ मापं पांढरा. कोणत्या डब्यातला रंग जास्त गडद?

हे आकडे सहज सुचले म्हणून घेतलेले नाहीत. या वयाची बरीच मुलं वजाबाकीने तुलना करतात: ‘अ’मध्ये पांढरा २ मापं जास्त, ‘ब’मध्ये ३ मापं जास्त, म्हणून ‘अ’ गडद. खरं उत्तर ‘ब’ आहे, कारण ‘अ’मध्ये निळ्याचा वाटा ३/८ म्हणजे ३७.५ टक्के, आणि ‘ब’मध्ये ५/१३ म्हणजे साधारण ३८.५ टक्के. चुकीची रीत इथे चुकीचंच उत्तर देते, म्हणून ती उघडी पडते. आता हाच प्रश्न २:३ आणि ३:५ घेऊन विचारून बघा. वजाबाकीने फरक १ आणि २ येतो, म्हणून पहिला गडद; आणि खरोखरही पहिलाच गडद (४० टक्के विरुद्ध ३७.५). म्हणजे अर्धा वर्ग चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर आणेल, तुम्ही शाबासकी द्याल आणि ती चूक पक्की होईल. १:२ आणि २:४ घेतले तर दुप्पट डोळ्यांना दिसतेच, विचार करावाच लागत नाही. प्रश्न निवडताना पहिली कसोटी ही: मुलांची नेहमीची चुकीची रीत या आकड्यांवर आपटते का?

दुसरी गोष्ट, दोन्ही वाट्यांत जेमतेम एक टक्क्याचा फरक ठेवला आहे. अंदाजाने ठरवता येत नाही, युक्तिवाद करावाच लागतो. म्हणून हा प्रश्न देताना वर्गात खरा रंग मिसळून दाखवायच्या भानगडीत पडू नका. एवढा फरक डोळ्यांना कळत नाही, आणि मुलं गणितापेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतात.

आता तासाआधीचा कागद. त्यावर अपेक्षित रीती लिहायच्या. एक, वजाबाकी. दोन, निळा सारखा करणं: १५:२५ आणि १५:२४, म्हणजे ‘ब’मध्ये पांढरा कमी. तीन, पांढरा सारखा करणं: २४:४० आणि २५:४०. चार, एकूणातला वाटा: ३/८ आणि ५/१३, समच्छेद केल्यावर ३९/१०४ आणि ४०/१०४. पाच, एका मापाला किती: निळ्याच्या एका मापामागे पांढरा १.६७ आणि १.६. सहावी रीत क्वचित दिसते, पण दिसली तर सोडू नये: ‘ब’मधून एक अख्खा ‘अ’ काढून घेतला तर उरतात २ निळे आणि ३ पांढरे. हा उरलेला रंग ४० टक्के निळा, म्हणजे ‘अ’पेक्षा गडद. तो ‘अ’मध्ये घातला की मिश्रण ‘अ’पेक्षा गडद होणारच. प्रत्येक रीतीसमोर एक रकाना: ही रीत करणाऱ्या मुलाला मी काय विचारणार? आणि शेवटचा रकाना रिकामा, मुलाचं नाव लिहायला.

४५ मिनिटांचा तास असेल तर वाटणी साधारण अशी: मांडणीला ५ मिनिटं, एकट्याने विचार करायला ५, जोडीत १२, सगळ्यांची मिळून चर्चा १८, समारोपाला ५. सर्वात मोठा वाटा चर्चेचा आहे, जोडीतल्या कामाचा नाही. बहुतेक तासांत हे उलटं होतं. मुलं छान कामात आहेत, अजून पाच मिनिटं देऊ, असं करत करत चर्चेला चार मिनिटं उरतात. अकरा-बारा मिनिटांनंतर सगळ्यांचं झालं नसलं तरी थांबवा. चर्चेसाठी प्रत्येकाचं उत्तर पूर्ण असण्याची गरज नसते. प्रत्येकाने प्रश्नाशी झटापट केलेली असली की पुरे.

मांडणी करताना धड्याचं नाव फळ्यावर लिहू नका. ‘गुणोत्तर व प्रमाण’ असा मथळा दिसला की मुलं विचार सोडून रीत आठवू लागतात. प्रश्न वाचा, एका मुलाला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, आणि कोणतीही आकडेमोड होण्याआधी हात वर करायला सांगा: ‘अ’, ‘ब’, की सारखेच? तिन्हींचे आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. बरोबर कोण, हे चेहऱ्यावरूनही कळू देऊ नका. (हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, बरोबर उत्तर ऐकलं की मान आपोआप हलते.)

एकट्याने विचार करायची पाच मिनिटं वगळायचा मोह होतो. ती वगळली तर गटात जो आधी बोलेल त्याचीच रीत सगळ्यांची होते, आणि तुम्ही म्हणता ते ‘तोंडाकडे बघत बसणं’ इथूनच सुरू होतं. गटही दोघांचा, फार तर तिघांचा. पाच जणांच्या गटात दोघे काम करतात आणि तिघे वही नीट आखतात.

फिरताना बरोबर-चूक सांगायचं नाही, कागदावर नोंद करायची आणि एकेक प्रश्न टाकून पुढे जायचं. वजाबाकीवाल्याला विचारा: “१ माप निळा आणि ३ मापं पांढरा, आणि दुसरीकडे १०१ मापं निळा आणि १०३ मापं पांढरा. तुझ्या रीतीने दोन्ही सारखेच गडद. पटतंय?” एवढं विचारून तिथून निघून जा. उभे राहिलात तर तो तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधेल. ज्याला काहीच सुचत नाही त्याला: “‘अ’सारखाच रंग दुप्पट हवा असेल तर काय काय घेशील?” यातून रीत सांगितली जात नाही, पण दुप्पट-तिप्पट मापांचा तक्ता सुरू होतो. आणि जो तीन मिनिटांत मोकळा झाला त्याला वेगळ्या धड्याचं गणित देऊ नका, याच प्रश्नात खोल पाठवा: “‘अ’पेक्षा गडद पण ‘ब’पेक्षा फिका रंग बनवून दाखव.” या प्रश्नाकडे पुढे पुन्हा येऊ.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दल एक जुनं निरीक्षण इथे कामाचं आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं; ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि सकारण होऊ लागली. मनातल्या मनात तीन आकडे मोजायची सवय लावून घ्या. शांतता बोचते, पण ती मुलांपेक्षा आपल्याला जास्त बोचते.

आता चर्चा. ‘कोण सांगणार?’ असं विचारायचं नाही. कोण सांगणार हे तुम्ही कागदावरून आधीच ठरवलेलं असतं, आणि क्रमही. माझा क्रम असा असतो: आधी वजाबाकी, पण मुलाचं नाव न घेता, “काही वह्यांत अशी रीत दिसली” म्हणून. ती फळ्यावर मांडली की उत्तर ‘अ’. त्यानंतर लगेच निळा सारखा केलेला तक्ता, करणाऱ्याकडूनच. उत्तर ‘ब’. आता वर्गापुढे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही वाजवी दिसतात. इथे तुम्ही निकाल दिलात तर अर्ध्या तासाची मेहनत वाया. १०१ आणि १०३ चं उदाहरण ज्याला विचारलं होतं त्याच्याकडून ते वर्गाला ऐकवा. बहुतेक वेळा वजाबाकीवाले स्वतःहून माघार घेतात, आणि कारणासकट घेतात.

मग पांढरा सारखा केलेला तक्ता, मग अपूर्णांक, आणि वेळ असेल तर ती सहावी रीत. अपूर्णांक आधी आणू नका. वर्गातला हुशार समजला जाणारा मुलगा समच्छेद करून ३९ आणि ४० दाखवतो, बाकीच्यांना वाटतं हेच खरं गणित, आणि ते आपले तक्ते खोडून टाकतात.

रीती एकामागून एक सांगून झाल्या म्हणजे चर्चा झाली, असं समजणं ही सर्वात महागात पडणारी चूक. पाच मुलं फळ्याशी येऊन गेली, टाळ्या झाल्या, आणि रीतींचा एकमेकींशी संबंध कुणी लावलाच नाही. संबंध लावायला नेमके प्रश्न लागतात. उदाहरणार्थ: एकाने ३/५ आणि ५/८ ची तुलना करून २४/४० आणि २५/४० लिहिलं आहे. “हे २४ आणि २५ अजून कुठे दिसले?” पांढरा सारखा केलेल्या तक्त्यात. “मग हे ४० कशाचे?” पांढऱ्याचे. “आणि ३/८ मधले ८?” सगळ्या रंगाचे. भाग-भाग आणि भाग-पूर्ण यांतला फरक मुलांना इथे हाताला लागतो. व्याख्या देऊन तो कधीच लागत नाही. यासाठी सगळ्या रीती एकाच वेळी फळ्यावर दिसायला हव्यात. जपानी शाळांत तासभर फळा न पुसता डावीकडून उजवीकडे भरत नेण्याची शिस्त पाळतात, ती याच कारणासाठी. फळा लहान असेल तर मोठे कागद चिकटवा, पण पुसू नका.

शेवटच्या पाच मिनिटांत शिक्षकाने स्पष्ट बोलायचं. शोधातून शिकवणं म्हणजे शिक्षकाने काहीच सांगायचं नाही, हा गैरसमज बराच पसरलेला आहे. काय सांगायचं याचा माझा ठोकताळा साधा आहे: जे माणसांनी ठरवलं आहे (चिन्हं, नावं, लिहिण्याची पद्धत) ते बिनदिक्कत सांगा, कारण ते विचार करून सापडणार नाही. जे विचाराने सापडू शकतं ते आधी शोधू द्या, आणि सापडल्यावर नीट शब्दांत तुम्ही पक्कं करा: इथे तुलना फरकाची नाही, पटीची आहे. मग जाताना एक चिठ्ठी: ४:७ आणि ६:१० यांत गडद कोणता? इथेही वजाबाकी आपटते (फरक ३ आणि ४, पण खरा गडद दुसरा: ४/११ म्हणजे ३६.४ टक्के, ६/१६ म्हणजे ३७.५). चिठ्ठ्या चाळायला दहा मिनिटं लागतात आणि उद्या कोणाजवळ बसायचं ते कळतं.

आता त्या ‘मधल्या रंगा’कडे. मुलं बहुधा दोन्ही डबे एकत्र ओततात: ८ निळे, १३ पांढरे. वाटा ८/२१, साधारण ३८.१ टक्के, खरोखर मधला. इथून शोध सुरू होतो: कोणतेही दोन डबे ओतले तर नेहमी मधलाच रंग येतो का? वरचे आकडे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवणं ही अपूर्णांकांच्या बेरजेतली कुप्रसिद्ध चूक आहे. इथे तीच क्रिया अर्थपूर्ण आहे, फक्त ती बेरीज नव्हे, मिश्रण आहे. हे मुलांनी स्वतः शोधलं की पुढे बेरजेतली ती चूक कमी होते, कारण ती क्रिया काय करते हे आता त्यांना माहीत असतं. मोठ्या मुलांना सिद्धताही झेपते: क/ख हा ग/घ पेक्षा लहान असेल तर क×घ हा ख×ग पेक्षा लहान, दोन्हीकडे क×ख मिळवलं की क×(ख+घ) हा ख×(क+ग) पेक्षा लहान, म्हणजे क/ख हा मिश्रणापेक्षा लहान. दुसरी बाजू तशीच. शोधाचे प्रश्न बनवायची सोपी युक्ती हीच: सुटलेल्या प्रश्नातली एक अट बदला किंवा ‘नेहमीच का?’ विचारा. वेगळं साहित्य शोधत बसायची गरज नाही.

प्रतिमान, म्हणजे खऱ्या परिस्थितीचं गणितात रूपांतर, हे मात्र वेगळं कौशल्य आहे. शाब्दिक उदाहरणं सोडवून ते येत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्क्यांनी उत्तर लिहिलं ‘३१, बाकी १२’, १८ टक्क्यांनी ‘३१’, आणि ३२ बस म्हणणारी २३ टक्केच निघाली. भागाकार येतो, पण उत्तर घेऊन परिस्थितीकडे परत जायची सवय नाही.

ती सवय लावायला गळणारी बाटली उत्तम. सरळ भिंतीची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, तळाजवळ साधारण ४ मि.मी. व्यासाचं गुळगुळीत कडेचं भोक (ते तुम्ही पाडा), बाहेरून सेंटिमीटरची कागदी पट्टी. पट्टीचा शून्य भोकाच्या मध्यावर, बाटलीच्या तळावर नाही. इथे चुकलात तर सगळा आलेख बिघडतो. पाणी रंगीत, १६ सें.मी. पर्यंत, टोपण काढलेलं. टोपण लावलं तर आत हवा शिरत नाही आणि धार अडखळते. तिघांचा गट: एक वेळ पुकारतो, एक उंची वाचतो, एक लिहितो. दर ३० सेकंदांनी नोंद. बाटली रिकामी व्हायला चार मिनिटांच्या आसपास लागतात.

सोडण्याआधी अंदाज घ्या: चार मिनिटांत रिकामी होत असेल तर दोन मिनिटांनी पाणी किती? जवळजवळ सगळे ८ सें.मी. म्हणतील. प्रत्यक्षात ४ च्या आसपास येतं. आदर्श स्थितीत दर मिनिटाच्या उंच्या १६, ९, ४, १, ० अशा पडतात, कारण धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या पटीत असतो (टॉरिचेलीचा नियम). हा नियम आधी सांगू नका. मुलांना उंचीतली घट बघू द्या: ७, ५, ३, १. मग उंचीचं वर्गमूळ काढून वेळेसमोर आलेख काढू द्या. तो सरळ रेषेच्या जवळ आला की वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. खऱ्या नोंदी इतक्या स्वच्छ येणार नाहीत. शेवटच्या एक-दीड सेंटिमीटरला धार तुटून थेंब पडू लागतात आणि वेळ लांबतो, म्हणून रिकामं होण्याचा क्षण घड्याळाने पकडू नका, आलेखाची रेषा पुढे वाढवून काढा. बाटलीचा कमरेपाशी आत गेलेला भाग मापात आला तर तिथे बिंदू रेषा सोडतात. हे लपवू नका, उलट विचारा: आपण काय गृहीत धरलं होतं जे इथे खरं नाही? प्रतिमान शिकवायचं ते याच प्रश्नासाठी. त्यामुळे आलेख बरोबर आला का याला गुण कमी आणि गृहीतकं लिहून ती तपासली का याला जास्त ठेवा.

प्रत्येक तास असा घ्यायचा का? नाही. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत दिसलं की नवशिक्यांना नुसते प्रश्न देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली की कमी वेळात आणि कमी चुकांत रीत बसते. समीकरणातल्या पदांची हलवाहलव किंवा लांब भागाकार अशा गोष्टी दाखवून, मग सरावानेच पक्क्या होतात. मनू कपूर या संशोधकाचं काम दुसरी बाजू दाखवतं: संकल्पना नवीन असेल तर आधी झटापट आणि मग शिकवणं फायद्याचं ठरतं, पण ते ‘मग शिकवणं’ नीट झालं तरच. तेव्हा संकल्पनेच्या वळणावर, म्हणजे धड्याला एक किंवा दोन पूर्ण तास असे ठेवा. अभ्यासक्रम एवढ्याने मागे पडत नाही. वजाबाकीची चूक सुधारण्यात पुढे जे तास जातात ते वाचतात.

बाकी दिवशी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण उलटं केलं तरी चालतं. ‘या पाच संख्यांची सरासरी काढा’ ऐवजी: पाच धन पूर्णांकांची सरासरी ८ आणि मध्यक ७ आहे; सर्वात मोठी संख्या जास्तीत जास्त किती? (१, १, ७, ७, २४.) संख्या वेगवेगळ्याच हव्यात म्हटलं तर? (१, २, ७, ८, २२.) सरासरीचा सराव होतोच, वर मध्यक म्हणजे काय हेही तपासलं जातं, आणि दहा मिनिटांत होतं.

परीक्षेचं काय, हे विचारलं जातंच. लेखी परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा: “एका मुलाने २:३ आणि ३:५ ची तुलना वजाबाकीने केली आणि पहिला गडद असं उत्तर काढलं. उत्तर बरोबर आहे. रीत बरोबर आहे का? नसेल तर ती जिथे फसते अशी एक जोडी द्या.” चार गुणांपैकी ‘नाही’ला एक आणि फसणाऱ्या जोडीला तीन. जोडी दिली पण ती फसते हे दाखवलं नाही, तर तीनपैकी एक गुण कापा. शोधाच्या तासातल्या कच्च्या वहीला मात्र गुण देऊ नका, नाहीतर पुढच्या तासापासून मुलं कच्चं लिहिणंच बंद करतात.